ट्राइक : दुचाकीवरून तीनचाकीकडे

ट्राइक म्हणजे मोटारसायकलीचे हँडल, पाय दोन्ही बाजूंना टाकून बसायची सीट आणि उघडा सांगाडा असलेले तीनचाकी वाहन. थांबल्यावर ते पडत नाही, म्हणून गुडघा, खुबा किंवा तोल साथ देईनासा झाला की अनेक मोटारसायकलस्वार त्याच्याकडे वळतात. होंडा गोल्डविंगसारखी साडेतीनशे किलोंहून जड गाडी सिग्नलला एका पायावर सावरणे साठीनंतर खरोखरच कठीण जाते. मात्र ट्राइक म्हणजे एक चाक जास्त असलेली मोटारसायकल, ही समजूत चुकीची आणि धोक्याची आहे. उभ्या ट्राइकला तोल सांभाळावा लागत नसला, तरी वळणावर तिची मर्यादा दुचाकीच्या आधी येते. ती ओलांडायच्या वेळी दुचाकीवर मुरलेल्या सवयी उपयोगी पडत नाहीत, उलट नडतात.

प्रकार

एक चाक पुढे आणि दोन मागे, ही रचना सर्वांत जुनी. तिला डेल्टा म्हणतात. हार्ले-डेव्हिडसनची सर्व्ही-कार (१९३२ ते १९७३) याच घडणीची होती. गॅरेजच्या माणसाने तिच्यावरून ग्राहकाकडे जावे, ग्राहकाची मोटार चालवत आणावी आणि सर्व्ही-कार मागे ओढत न्यावी, यासाठी ती बनवली गेली. पुढे ती अमेरिकी पोलिसांच्या पार्किंग-गस्तीची ठरलेली गाडी झाली. त्याच कंपनीची नंतरची ट्राय ग्लाइड आणि गोल्डविंगवर बसवले जाणारे बहुतेक किट (दुचाकीचे तीनचाकीत रूपांतर करणारे तयार संच) डेल्टाच आहेत. भारतीयांना ही रचना नवी नाही. सौराष्ट्रातला छकडो हा एनफिल्ड बुलेटच्या पुढच्या भागाला मागे दोन चाके आणि हौदा जोडूनच जन्माला आला.

दोन चाके पुढे आणि एक मागे असेल तर तिला टॅडपोल म्हणतात. कॅनडाच्या बीआरपी कंपनीने २००७ मध्ये आणलेली कॅन-ॲम स्पायडर हे तिचे ठळक उदाहरण. स्पायडरला हाताचा ब्रेक नाही. एकच पेडल तिन्ही चाके रोखते. दुचाकीवरून आलेल्याची उजव्या हाताची बोटे अडचणीच्या क्षणी नसलेला लिव्हर शोधतात. पेडलवर जाणे अंगवळणी पडेपर्यंत गर्दीत शिरू नये.

तिसरा गट झुकणाऱ्या तीनचाकींचा आहे : पियाजिओ एमपी३ (२००६), यामाहा निकेन (२०१८). पुढची दोन चाके समांतर झुकत असल्याने या गाड्या वळणावर मोटारसायकलीसारख्याच वागतात. पण मग थांबल्यावर पडतातही. एमपी३ मध्ये थांबताना झुकण्याची यंत्रणा कुलूपबंद करता येते. निकेनमध्ये ती सोय नाही, पाय टेकवावाच लागतो. पाय टेकवणे जमत नाही म्हणून तीनचाकी घेणाऱ्याने हा फरक खरेदीआधी तपासलाच पाहिजे. पुढील मजकूर न झुकणाऱ्या ट्राइकबद्दल, मुख्यतः डेल्टाबद्दल आहे.

हँडल

साधारण २०–२५ किमी वेगाच्या वर दुचाकी उलट दिशेने वळवली जाते. उजवीकडे जायचे तर उजवी मूठ पुढे ढकलायची. गाडी उजवीकडे झुकते आणि वळते. बहुतेक जण हे नकळत करतात, म्हणूनच ती सवय सोडणे अवघड असते. ट्राइक झुकत नाही. तिच्यात हँडल फिरेल तिकडेच गाडी जाते : उजवीकडे वळताना उजवा हात ओढतो, डावा ढकलतो. समोर अचानक कुत्रा आला आणि स्वाराने सवयीने उजवी मूठ ढकलली, तर ट्राइक डावीकडे जाईल. नवख्या ट्राइकस्वाराची गाडी वळणावर थेट बाहेरच्या कडेला जाते, तेव्हा वेगाइतकेच हेही कारण तपासून पाहावे.

दुसरा बदल शरीराचा. दुचाकीवर झुकाव आणि वळणाचा जोर एकमेकांना सांभाळतात, त्यामुळे स्वार सीटवर सरळ दाबला जातो. ट्राइकवर तो बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि आधारासाठी हँडलला लटकतो. लटकले की हँडल आणखी फिरते किंवा परत येते, आणि गाडी डचमळू लागते. उपाय असा : बाहेरच्या पायाने पायदानावर रेटा द्यायचा, गुडघे टाकीला लावायचे, छाती आतल्या बाजूला आणि थोडी पुढे न्यायची, हात मात्र सैल ठेवायचे. मोठ्या वळणावर कमरेतून आत सरकावे. याने कलंडण्याची मर्यादा थोडीच वाढते, पण हँडल मोकळे राहते, आणि फायदा मुख्यतः त्याचाच आहे.

जड हँडल ही रूपांतरित गाड्यांची नेहमीची तक्रार. मोटारसायकलीच्या पुढच्या फोर्कची (पुढचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्यांची) भूमिती झुकणाऱ्या गाडीसाठी आखलेली असते. हँडलचा अक्ष जमिनीला जिथे भेटतो आणि टायर जिथे टेकतो, त्यातल्या अंतराला ट्रेल म्हणतात. ते जितके जास्त, तितके न झुकणाऱ्या गाडीचे हँडल जड. म्हणून चांगल्या रूपांतरात फोर्क धरणारे क्लॅम्प बदलून फोर्क साधारण ४ ते ६ अंश अधिक तिरपा करतात. चाक पुढे जाते, ट्रेल घटतो. तो अती घटवला तर कमी वेगात हँडल थरथरते, त्याला स्टिअरिंग डॅम्पर (हँडलची थरथर शोषणारा दट्ट्या) लावावा लागतो. किटच्या किमतीत वाचवायचे म्हणून हे क्लॅम्प गाळणे ही सर्वांत महागात पडणारी काटकसर आहे. खांदा किंवा मनगट दुखते म्हणून ट्राइक घेऊ पाहणाऱ्याने तर आधी चालवून पाहावे. ट्राइक पायांचा भार काढते, हातांचा वाढवते.

कलंडणे

डेल्टाचे तीन टेकू जोडले की त्रिकोण होतो, त्याचे टोक पुढे. गाडी कलंडते ती पुढचे चाक आणि वळणाच्या बाहेरचे मागचे चाक यांना जोडणाऱ्या रेषेवरून. गुरुत्वमध्य या रेषेपासून किती आत आहे आणि किती उंच आहे, यांचे गुणोत्तर म्हणजे गाडीची मर्यादा.

उदाहरण घेऊ. मागच्या चाकांतले अंतर १.२ मीटर, पुढच्या-मागच्या आसांतले १.७ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.६ मीटर उंच आणि पुढच्या आसापासून ६० टक्के मागे. तिथे त्रिकोणाची अर्धी रुंदी ०.३६ मीटर भरते, ०.३६ भागिले ०.६ म्हणजे गुरुत्वाच्या ०.६ पट बाजूचा जोर. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर तो जोर सुमारे ४८ किमी वेगाला येतो. टायर आणि स्प्रिंग दबतात, म्हणून प्रत्यक्षात आतले चाक याआधीच उचलते. तेच वळण त्याच वेगाने दुचाकी ३१ अंशांच्या आसपास झुकून घेते, आणि चांगल्या टायरवर सरावलेल्या स्वाराला त्यात अवघड काही वाटत नाही. म्हणूनच स्वत:चा जुना अंदाज ट्राइकवर वापरणे घातक ठरते.

गुरुत्वमध्य पुढे सरकला की त्रिकोण अरुंद होतो. वरच्याच गाडीत तो पुढच्या आसापासून ४० टक्क्यांवर आला तर मर्यादा ०.४ पट होते आणि वेग ३९ किमीवर उतरतो. वळणात ब्रेक मारल्यावर असाच परिणाम होतो : भार पुढे, म्हणजे त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे ढकलला जातो. उतारावरचे घाटातले वळण डेल्टासाठी सर्वांत वाईट, कारण तिथे उतार आणि ब्रेक दोन्ही भार पुढे नेतात. वेग आणि गिअर वळणाआधीच, गाडी सरळ असताना उतरवावे आणि वळणात हलका थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) धरून ठेवावा. टॅडपोलमध्ये हिशेब उलटा आहे : वळणातला ब्रेक तिला स्थिर करतो, जोरदार थ्रॉटल अस्थिर.

आतले चाक उचललेच तर हँडल थोडे सोडावे आणि थ्रॉटल सावकाश कमी करावा. पुढचा ब्रेक दाबू नये. साध्या डिफरेन्शियलच्या (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचाच्या) गाडीत उचललेले चाक मोकळे गरगरते आणि ओढ अचानक जाते. ते पुन्हा टेकताना झटका बसतो, त्यासाठी पकड सैल पण तयार हवी.

पाय, ब्रेक, रुंदी

चालती ट्राइक थांबत असताना पाय खाली सोडू नये. मागचे रुंद चाक टाचेच्या थेट मागे असते; जमिनीला टेकलेला पाय मागे ओढला जातो आणि चाक पोटरीवर चढते. वर्षानुवर्षे पाय टेकवत आलेल्या स्वाराला हे सर्वांत जास्त वेळा आठवून द्यावे लागते. गाडी थांबून पार्किंग ब्रेक लागेपर्यंत दोन्ही पाय पायदानावरच.

दुचाकीवर रोखण्याचा मोठा वाटा पुढच्या ब्रेकचा असतो. डेल्टात मागे दोन चाके आणि बराच भार असल्याने मागच्या पेडलला खरी ताकद येते. आधी पेडल, मग जोडीला लिव्हर.

रुंदीचा अंदाज यायला वेळ लागतो. ट्राय ग्लाइडची रुंदी सुमारे १.४ मीटर आहे आणि ती सगळी स्वाराच्या पाठीमागे. पुढचे चाक खांबाजवळून सुखरूप गेले तरी मागचे अडकते. दुचाकी खड्डा चुकवते कारण तिची एकच वाट असते. ट्राइकच्या वाटा तीन, म्हणून एका चाकाला चुकवलेला खड्डा दुसऱ्याला सापडतोच. अशा वेळी वेग कमी करून खड्डा पुढच्या चाकाऐवजी एका मागच्या चाकाखाली घेणे बरे. रस्त्याचा मधला उंचवटाही जाणवतो : गाडी सतत कडेकडे, भारतात डावीकडे, ओढते.

सरावासाठी मोकळे मैदान किंवा सुटीच्या दिवशीची पार्किंगची जागा घ्यावी. आधी ८–१० किमी वेगाने मोठी वर्तुळे, दोन्ही दिशांनी. मग इंग्रजी आठचा आकडा, तो हळूहळू लहान करत. त्यानंतर ३० किमीवरून सरळ रेषेत पूर्ण ब्रेक, अडथळा चुकवून पुन्हा सरळ होणे, आणि रिव्हर्स. उजवी-डावी ढकलाढकल विचार न करता होऊ लागली की रस्त्यावर यावे. अमेरिकेत मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशनचा तीनचाकीसाठी वेगळा प्राथमिक अभ्यासक्रम आहे. दुचाकीचा दीर्घ अनुभव असलेल्यांनाही तो घ्यावासा वाटावा असाच आहे. एकाच आठवड्यात दुचाकी आणि ट्राइक आलटून पालटून चालवणे सुरुवातीला टाळावे.

रूपांतर

पूर्ण रूपांतरात मागचे चाक, स्विंगआर्म (ते चाक धरणारा, वरखाली हलणारा दांडा) आणि शॉक ॲब्सॉर्बर काढून चेसिसच्या मूळ बोल्टांवर नवा उपसांगाडा बसवतात. त्यात डिफरेन्शियलसह आस, दोन्ही चाकांना डिस्क, पार्किंग ब्रेक, मडगार्ड आणि डिकी येते. अखंड आस स्वस्त आणि साधी, पण एक चाक खड्ड्यात गेले की सगळी गाडी तिरपी होते. स्वतंत्र सस्पेन्शन महाग, लांबच्या प्रवासाला सुखाचे. मागे मोटारीचे सपाट टायर लागतात (ट्राय ग्लाइडला २०५/६५ आर१५ मापाचे). गाडी मोटारीपेक्षा हलकी असल्याने मोटारीइतकी हवा भरली तर ती उसळते आणि पकड घटते. किटवाल्याने सांगितलेलाच दाब ठेवावा.

कामानंतर काय बिघडते हेही ठरलेले आहे. मागच्या एका कॅलिपरसाठी (डिस्क आवळणाऱ्या ब्रेकच्या चिमट्यासाठी) बनवलेला मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलने ब्रेकचे तेल ढकलणारा पंप, दोन मोठ्या कॅलिपरना पुरेसे तेल देत नाही, म्हणून पेडल खोल जाते; हवा काढून सुटत नसेल तर सिलिंडरच बदलावा. टायरचा व्यास बदलल्याने वेगमापक खोटा दाखवतो. स्विंगआर्मच्या पिव्होटपासून आसापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना सारखे नसेल तर गाडी तिरकी चालते आणि टायर कडेने झिजतात. पुढचे टायर आणि हँडलचे बेअरिंग आता आडवा भार घेतात, ते दुचाकीपेक्षा लवकर जातात. पहिल्या ५००–८०० किमीनंतर उपसांगाड्याचा प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून देणाऱ्या पान्याने) पुन्हा आवळावा.

भारतातली स्थिती

मोटार वाहन कायदा १९८८ च्या व्याख्येनुसार मोटारसायकल दुचाकीच असते. वेगळी करता येणारी साइडकार तेवढी तिच्यात धरली जाते. नोंदणीत दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल कलम ५२ ला मान्य नाही. त्यामुळे हौसेने ट्राइक करून घेणे इथे कायद्यात बसत नाही. अपवाद अपंग व्यक्तीसाठी रूपांतरित केलेल्या वाहनाचा : २०१९ च्या दुरुस्तीने ते केल्यानंतर आरटीओची मंजुरी घेण्याची मुभा दिली. परवान्यावरही तशी नोंद लागते, आणि बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. नाहीतर दावा अडतो.

महाराष्ट्रात हे रूप सगळीकडे दिसते ते साइड व्हील लावलेल्या गिअरलेस स्कूटरचे. मूळ मागचे चाक तसेच राहते, दोन्ही बाजूंना लोखंडी चौकटीवर एकेक चाक येते. ओढ आणि ब्रेक मात्र मूळ चाकालाच. साइड व्हील उंचवट्यावर चढली आणि मधले चाक खळग्यावर आले की ते जागीच फिरते, गाडी अडते. पाय खाली टेकवून ढकलणे ज्याला शक्य नाही त्याची ही मोठी अडचण आहे. म्हणून साइड व्हीलना स्वतःचे शॉक ॲब्सॉर्बर असलेलीच चौकट घ्यावी, आणि माणूस बसलेला असताना मधल्या चाकावर पुरेसा भार राहतो हे तपासावे. चौकट चेसिसला बोल्टने घट्ट हवी, नुसत्या पट्ट्यांनी आवळलेली नको. वेल्डिंगच्या सांध्यांना तडे जातात ते बहुधा स्पीडब्रेकर तिरपा घेतल्याने. दोन्ही साइड व्हील एकदम चढतील असा तो सरळ घ्यावा. कुबडी किंवा काठीसाठीचा कप्पा वळताना हँडलला अडत नाही ना, हे गाडी ताब्यात घेण्याआधी हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघावे.