मागील पानावरून पुढे : वारशाने आलेली युद्धे आणि ‘समाप्ती’चा घोळ

जानेवारी 2009 मध्ये वॉशिंग्टनला सत्तेवर आलेल्या बराक ओबामा यांच्या सरकारच्या पदरात दोन युद्धे आयती पडली. एक अफगाणिस्तानातले, सातव्या वर्षापुढे गेलेले, दुसरे इराकमधले, सहाव्या वर्षाला टेकलेले. प्रचारात नव्या राष्ट्राध्यक्षांनी दोघांची वाटणी करून टाकली होती : इराकचे युद्ध चुकीचे, अफगाणिस्तानचे गरजेचे. त्यामुळे शपथविधीला महिना होण्याआधीच अफगाणिस्तानात 17,000 जादा सैनिक पाठवण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्यात वचनभंग असा नव्हता. डिसेंबरात लष्करी अकादमीतल्या भाषणात आणखी 30,000 सैनिक जाहीर झाले आणि त्याच भाषणात जुलै 2011 पासून परतीला सुरुवात होईल, हेही सांगून टाकले गेले. वाढ आणि माघार एकाच दमात. तालिबानने यातली फक्त तारीख ऐकली, असे टीकाकार तेव्हापासून म्हणत आले आहेत.

इराकची गोष्ट उलटी. तिथली बाहेर पडण्याची तारीख नव्या सरकारने ठरवलेलीच नव्हती. मावळत्या सरकारने नोव्हेंबर 2008 मध्ये बगदादशी करार करून ठेवला होता : 30 जून 2009 पर्यंत शहरांतून आणि 31 डिसेंबर 2011 पर्यंत देशातून सगळे सैन्य बाहेर. म्हणजे युद्धासोबत युद्धाचा शेवटही वारशातच आला. काही हजार सैनिक पुढेही ठेवावेत म्हणून 2011 मध्ये वाटाघाटी झाल्या, पण त्यांना इराकी न्यायालयांपासून संरक्षण देण्याच्या मुद्द्यावर त्या फिसकटल्या. शेवटची तुकडी डिसेंबर 2011 मध्ये कुवेतच्या हद्दीत शिरली. अडीच वर्षांनी, जून 2014 मध्ये, इराकमधले मोसुल शहर ‘इस्लामिक स्टेट’ या गटाच्या हाती पडले आणि माघार नेमकी कोणाची, हा वाद सुरू झाला. माघारीचे श्रेय होते तोवर ती नव्या सरकारची होती. दोष आला तशी ती जुन्या कराराच्या नावावर जमा झाली.

या काळात एक शब्दप्रयोग रुळला, ‘लढाऊ मोहीम’. 31 ऑगस्ट 2010 रोजी इराकमधली लढाऊ मोहीम संपल्याचे जाहीर झाले. मागे सुमारे 50,000 सैनिक राहिले आणि मोहिमेचे नाव बदलून ‘नवी पहाट’ झाले. 28 डिसेंबर 2014 रोजी अफगाणिस्तानातलीही लढाऊ मोहीम संपली. तिथेही नवे वर्ष नव्या नावाने उजाडले, आणि सैनिक आता सल्ला, प्रशिक्षण व ‘दहशतवादविरोधी कारवाई’ यांसाठी असल्याचे सांगण्यात आले. यातल्या तिसऱ्या कामात बंदुका चालतातच, पण ते लढाऊ मोहिमेत धरले जात नाही. (यापूर्वी 1 मे 2003 रोजी दोन्ही युद्धांतली मोठी लढाई संपल्याच्या घोषणा झाल्या होत्या, एक विमानवाहू जहाजावरून आणि दुसरी काबुलमधून. त्या जहाजावरचा ‘मोहीम फत्ते’चा फलक लोकांच्या लक्षात राहिला, काबुलची घोषणा विसरली गेली.)

आकडे मात्र नावांसारखे चटकन बदलत नाहीत. मे 2014 चा आराखडा असा : 2015 च्या सुरुवातीला अफगाणिस्तानात 9,800 सैनिक, त्या वर्षअखेर निम्मे आणि 2016 संपताना फक्त वकिलातीपुरते. ऑक्टोबर 2015 मध्ये तो मागे पडला. पुढच्या सरकारच्या हाती 5,500 सोपवायचे ठरले. जुलै 2016 मध्ये तो आकडा 8,400 वर गेला. जे सरकार दोन युद्धे घेऊन आले, ते जाताना त्यातले एक पुढच्याला देऊन गेले, आणि दुसरेही सीरियासकट पुन्हा पेटलेले.

आता ज्यावर हे सगळे उभे आहे त्या कागदाकडे. अमेरिकेच्या संसदेने रीतसर युद्धघोषणा शेवटची केली ती जून 1942 मध्ये. त्यानंतरची युद्धे ठरावांवर, खर्चाच्या मंजुऱ्यांवर आणि सरसेनापती या नात्याने राष्ट्राध्यक्षांकडे असलेल्या अधिकारांवर चालली. 14 सप्टेंबर 2001 रोजी, अल कायदाने अमेरिकेवर केलेल्या हल्ल्यांनंतर तीन दिवसांत, लष्करी बळ वापरण्याची परवानगी देणारा ठराव मंजूर झाला : वरिष्ठ सभागृहात 98 विरुद्ध 0, कनिष्ठ सभागृहात 420 विरुद्ध 1. त्यातले कामाचे वाक्य एकच आणि मूळ इंग्रजीत साठ शब्दांचे. आशय असा : ज्यांनी हे हल्ले आखले, करवले, केले वा त्यांना मदत केली, किंवा अशांना आसरा दिला, असे राष्ट्राध्यक्ष ठरवतील त्या देशांविरुद्ध, संघटनांविरुद्ध वा व्यक्तींविरुद्ध आवश्यक ते बळ वापरता येईल. विरोधातले एकमेव मत देणाऱ्या सदस्येची हरकत मुळात हीच होती की या वाक्याला शेवट नाही.

हरकत खरी होती. या ठरावात भूगोल नाही, मुदत नाही, शत्रूचे नावसुद्धा नाही. ‘युद्ध कधी संपले असे मानायचे’ याबद्दल अवाक्षर नाही. पण ज्यावरून पुढे सगळ्यात जास्त डोकेफोड झाली, तो शब्द ठरावात मुळात नव्हताच : ‘सहयोगी शक्ती’. अल कायदा आणि तालिबान यांच्या बाजूने जे लढाईत उतरतील तेही शत्रूच, असा अर्थ सरकारी वकिलांनी लावला, कैद्यांच्या खटल्यांमध्ये न्यायालयांनी तो बराचसा उचलून धरला, आणि डिसेंबर 2011 च्या संरक्षण कायद्यात, कैदेत ठेवण्याच्या संदर्भात, तो शब्द छापील झाला. युद्धकायद्यात मित्रपक्षाची कल्पना जुनी आहे, तेव्हा हा अर्थ अगदीच हवेतला नव्हे, असे त्याचे समर्थक म्हणतात. पण देश जेव्हा दुसऱ्या देशाच्या बाजूने युद्धात उतरतो तेव्हा ते सगळ्यांना दिसते. एखाद्या वाळवंटातला गट कोणाचा ‘सहयोगी’ केव्हा झाला, हे ठरवणाऱ्या कचेऱ्या बंद दाराआड चालतात.

2014 मध्ये हा अर्थ सर्वात जास्त ताणला गेला. इराक-सीरियात नव्याने उभ्या राहिलेल्या ‘इस्लामिक स्टेट’चे अल कायदाशी उघड वैर होते. दोघे एकमेकांशी लढत होते. तरीही तो गट मूळ अल कायदाच्या इराकी शाखेतून निघाला, म्हणून वारस, म्हणून 2001 चा ठराव लागू, असा युक्तिवाद झाला. फारकत घेतलेल्या मुलालाही बापाचे देणे चुकत नाही, असा तो हिशेब. गंमत अशी की हे मांडणाऱ्या सरकारच्या प्रमुखांनीच मे 2013 मधल्या भाषणात, हा ठराव आटोपता घ्यावा आणि अखेर रद्द करावा, असे म्हटले होते. 2015 मध्ये त्यांनी तीन वर्षांची मुदत असलेला नवा मसुदा संसदेकडे पाठवला. एका बाजूला तो फार सैल वाटला, दुसऱ्या बाजूला फार करकचून आवळलेला. मतदान झालेच नाही. भिजत घोंगडे तसेच राहिले.

2002 चा इराकसाठीचा वेगळा ठराव आणखी विचित्र रीतीने जगला. ज्या राजवटीविरुद्ध तो होता ती 2003 मध्येच गेली. तरी जानेवारी 2020 मध्ये बगदाद विमानतळाजवळ इराणच्या सेनाधिकाऱ्याला मारले, तेव्हा समर्थनार्थ त्याच ठरावाकडे बोट दाखवले गेले. तो रद्द करण्याच्या बाजूने कनिष्ठ सभागृहाने जून 2021 मध्ये आणि वरिष्ठ सभागृहाने मार्च 2023 मध्ये मत दिले, पण संसदेच्या वेगवेगळ्या कार्यकाळांत, त्यामुळे त्या मतांचा कायदा झाला नाही. 2001 च्या ठरावाला हात लावायला इतपत बहुमतही जमले नाही.

कागद फाडला की युद्ध थांबते असेही नाही. व्हिएतनाममधल्या लढाईचा आधार असलेला ऑगस्ट 1964 चा ठराव जानेवारी 1971 मध्ये रद्द झाला. सैन्य आधीच तिथे आहे आणि त्याचे रक्षण करायचे आहे, या मुद्द्यावर लढाई पॅरिस कराराच्या जानेवारी 1973 पर्यंत सुरू राहिली. तेव्हाचे राष्ट्राध्यक्षही 1969 मध्ये पाच लाखांवर सैनिकांसह ते युद्ध वारशाने घेऊन बसले होते, आणि दोन महिन्यांत शेजारच्या कंबोडियावर गुप्त बॉम्बफेक सुरू झाली होती. सोव्हिएत संघात 1985 मध्ये आलेल्या नेतृत्वानेही अफगाणिस्तानात आधी जोर लावून पाहिला. माघार फेब्रुवारी 1989 मध्ये पुरी झाली. कोरियात 1953 साली नव्या राष्ट्राध्यक्षांना सहा महिन्यांत युद्धबंदी जमली. शांतता करार अजून व्हायचा आहे.

2017 च्या अमेरिकी सरकारने ऑगस्टमध्ये अफगाणिस्तानसाठी तारखा नकोत, परिस्थिती पाहून ठरवू, असे धोरण मांडले आणि सैनिक वाढवले. 29 फेब्रुवारी 2020 रोजी दोहामध्ये तालिबानशी करार केला तो मात्र तारखेचाच : चौदा महिने, म्हणजे 1 मे 2021. काबुलचे सरकार या करारात पक्षकार नव्हते. पण त्याच्या तुरुंगातले 5,000 पर्यंत कैदी सोडण्याचे कलम त्यात होते. जानेवारी 2021 मध्ये पुढचे सरकार आले तेव्हा 2,500 सैनिक आणि साडेतीन महिन्यांवर आलेली मुदत, एवढे शिल्लक होते. म्हणजे 2008 चाच प्रयोग, तारीख जाणाऱ्याची आणि विमाने येणाऱ्याची. नव्या सरकारने मुदत आधी 11 सप्टेंबरवर नेली, मग 31 ऑगस्टवर आणली. 15 ऑगस्टला काबुल पडले. 26 तारखेला विमानतळाच्या फाटकाशी झालेल्या स्फोटात 13 अमेरिकी सैनिक आणि सुमारे 170 अफगाण मारले गेले. मग दोष कोणाचा, यावर 2014 चीच वाक्ये पक्षांनी आपसात बदलून घेतली.

सप्टेंबर 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत राष्ट्राध्यक्षांनी सांगितले की वीस वर्षांत प्रथमच अमेरिका युद्धात नाही. त्या दिवशी इराकमध्ये सुमारे 2,500 आणि सीरियात सुमारे 900 अमेरिकी सैनिक होते, अर्थात लढाऊ मोहिमेवर नव्हे. 31 जुलै 2022 रोजी काबुलमधल्या एका घराच्या सज्जात अल कायदाचा प्रमुख ड्रोनहल्ल्यात मारला गेला. 2001 च्या त्या साठ शब्दांत ‘सहयोगी’ वगैरे काही न ताणता बसणाऱ्या उरल्यासुरल्या माणसांपैकी तो एक होता, आणि अफगाणिस्तानातले युद्ध तोवर संपून अकरा महिने झाले होते.