ध्वनिवर्धक आणि श्रवण-लूप: सभागृहातल्या दोन निराळ्या गोष्टी

सभागृहाच्या नूतनीकरणाचा प्रस्ताव चर्चेला आला आणि कोणी ऐकू कमी येणाऱ्यांचा विषय काढला, की ठरलेले उत्तर मिळते: ‘नवे स्पीकर बसवतोच आहोत, लागेल तेवढा आवाज वाढवू.’ नगरपालिका असो, वाचनालय असो की गृहनिर्माण संस्था, हे उत्तर इतक्यांदा कानी आले आहे की ध्वनिवर्धक आणि श्रवण-लूप यांची गल्लत एकदा सविस्तर निस्तरावी असे वाटले.

ध्वनिवर्धक सर्वांच्या परिचयाचा आहे. लूपमध्येही माईक आणि अ‍ॅम्प्लिफायर असतातच; स्पीकरच्या जागी मात्र फरशीखालून किंवा भिंतीच्या कडेने खोलीभोवती फिरवलेली तार असते. तिच्यातील प्रवाहामुळे आवाजाबरहुकूम बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि श्रवणयंत्रातले टेलिकॉइल नावाचे बारीक वेटोळे ते पकडते. खर्चाचा आणि जोडणीचा फरक कंत्राटदार समजावून सांगेल.

खरा घोळ होतो तो आवाजाचा मोठेपणा आणि बोलण्याची स्पष्टता एकच मानल्यामुळे. वयोमानाने कान अधू होऊ लागतात तेव्हा बहुधा वरच्या पट्टीतले ध्वनी आधी जातात. स्वर पोचतात, पण ‘स’, ‘श’, ‘त’ यांसारखी व्यंजने विरून जातात. त्यामुळे कोणीतरी बोलत आहे हे कळते, पण पाणीपट्टी साठ रुपयांनी वाढणार की आठ, हे कळत नाही. त्यात गुळगुळीत फरशी, काचेच्या खिडक्या आणि उघड्या भिंती यांची भर पडते. वक्त्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की त्याचा थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो. भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र खोलीभर जवळपास सारखाच राहतो आणि मागच्या रांगांत बोलण्यावर मात करतो. स्पीकर मोठा केला की त्याच्याबरोबर घुमाराही तेवढाच मोठा होतो, आणि श्रवणयंत्राचा माईक बोलणे, घुमारा, पंखा व खुर्च्यांची सरकासरक हे सारे बव्हंशी एकत्रच उचलतो. शिवाय अशा अनेक कानांना हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा लगेच खुपतो, म्हणून ‘आवाज वाढवा’ ही सूचना त्यांच्या दृष्टीने कित्येकदा शिक्षाच ठरते.

लूपमध्ये वक्त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर टिपलेला आवाज खोलीतल्या हवेला वळसा घालून थेट श्रवणयंत्रात उतरतो. यंत्र ‘टी’वर, म्हणजे टेलिकॉइलच्या खटक्यावर, ठेवले की त्याचा स्वतःचा माईक बंद होतो, आणि घुमारा, खोकला, पंखा हे सारे वगळले जाते, शिवाय मिळालेला आवाज त्या व्यक्तीच्या कानाला ऑडिओलॉजिस्टने जुळवून दिलेल्या प्रमाणातच वाढतो. म्हणूनच ‘माझा आवाज खणखणीत आहे, मला माईक नको’ असे अभिमानाने सांगणाऱ्या वक्त्यांची मला चीड येते. लूपवर ऐकणाऱ्याच्या दृष्टीने असा वक्ता सभेला आलेलाच नसतो. श्रोत्यांतून आलेला प्रश्नही फिरत्या माईकवरूनच विचारला जावा, निदान अध्यक्षांनी तो माईकवरून पुन्हा वाचावा.

अमेरिकेच्या २०१० च्या सुगम्यता मानकांनी ही गल्लत होऊ दिलेली नाही. जिथे ऐकणे हाच सभेचा गाभा आहे आणि ध्वनिवर्धक बसवलेला आहे, तिथे श्रवणसाहाय्य व्यवस्थाही द्यावीच लागते. म्हणजे ध्वनिवर्धक बसवल्याने ही जबाबदारी फिटत नाही, तिथून ती सुरू होते. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘ऐकू कमी येणारी व्यक्ती’ म्हणजे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल श्रवणहानी असलेली व्यक्ती. सभेत चाचपडणारे कित्येक ज्येष्ठ या व्याख्येत बसतच नाहीत, त्यांच्याकडे प्रमाणपत्र नसते, आणि मग ‘आमच्याकडे असे कोणी येत नाही’ असे आयोजक खुशाल म्हणतात.

लूपला मर्यादा आहेत. स्लॅबमधले लोखंड चुंबकीय क्षेत्र क्षीण करते, आणि शेजारच्या खोलीत आवाज झिरपू शकतो. गोपनीय बैठकांसाठी भिंतीपलीकडे न जाणारी इन्फ्रारेड व्यवस्था मी निवडेन. कानाच्या नळीत बसणाऱ्या अगदी छोट्या यंत्रांत बहुधा टेलिकॉइल नसते, म्हणून काही हेडफोनचे रिसीव्हर दाराशी ठेवावेच लागतात. जे खुणांच्या भाषेत बोलतात त्यांच्यासाठी दुभाषाच हवा.

बसवणाऱ्याकडून श्रवण-लूपसाठीच्या आयईसी ६०११८-४ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार क्षेत्राची मोजणी करून घ्यावी, आणि प्रत्येक सभेआधी कोणीतरी रिसीव्हर लावून शेवटच्या रांगेत बसून पाहावे. दारावर कानाच्या चिन्हाची पाटी आणि कपाटात बंद पडलेला अ‍ॅम्प्लिफायर, हा प्रकार लूप नसण्याहून वाईट आहे, कारण पाटीवर विश्वासून माणूस यंत्र ‘टी’वर टाकतो आणि तोवर जे थोडेफार ऐकू येत होते तेही बंद होते.