क्षुधा व शरीरवजन नियमन

घेतलेली आणि खर्च झालेली ऊर्जा यांचा मेळ घालून शरीरातील मेदाचा साठा मर्यादेत राखणारी यंत्रणा. एका जेवणापुरती भूक आणि दीर्घकाळचे वजन यांचे संकेत वेगवेगळे असतात. त्यांची सांगड मुख्यतः मेंदूच्या तळाशी असलेल्या अधोथॅलॅमसमध्ये व मस्तिष्क स्तंभात घातली जाते.

भुकेचे उगमस्थान प्रथम जठरात मानले जाई. अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक कॅनन यांचे सहकारी वॉशबर्न यांनी स्वतः फुगा गिळून जठराची आकुंचने नोंदवली आणि ती भुकेच्या कळांशी जुळतात असे दाखवले (१९१२). परंतु जठर काढून टाकलेल्या रुग्णांनाही भूक लागते, हे कळल्यावर लक्ष मेंदूकडे वळले. अधोथॅलॅमसच्या मध्य भागाला इजा केल्यास उंदीर लठ्ठ होतात, हे हेदरिंग्टन व रॅन्सन यांनी १९४० मध्ये दाखवले. पार्श्व भागाला इजा केल्यास ते खाणेच सोडतात, हे बी. के. आनंद व ब्रोबेक यांनी १९५१ मध्ये. त्यावरून ‘तृप्तिकेंद्र’ व ‘क्षुधाकेंद्र’ अशी जोडी रूढ झाली आणि पाठ्यपुस्तकांत ती बराच काळ टिकली. अशा इजेत तेथून जाणारे चेतातंतूही तुटतात, विशेषतः पार्श्व भागातून जाणारे, डोपामिन या रासायनिक संदेशवाहकाचे तंतू, असा आक्षेप १९७० च्या दशकात पुढे आला. तेव्हापासून स्वतंत्र केंद्रांपेक्षा चेतापेशींच्या जाळ्याची कल्पना अधिक ग्राह्य ठरते.

मेदसाठ्याची वर्दी मेंदूला रक्तातून मिळत असावी, असे केनेडी यांनी १९५३ मध्ये सुचवले होते. कोलमन यांनी उंदरांच्या दोन लठ्ठ वाणांचे रक्ताभिसरण जोडले तेव्हा एका वाणाचा उंदीर उपाशी राहून मेला, तर दुसरा लठ्ठच राहिला. पहिल्यात तृप्तीचा रक्तघटक तयार होत नाही आणि दुसऱ्याला तो ओळखता येत नाही, हा त्यांचा निष्कर्ष १९९४ मध्ये खरा ठरला. फ्रीडमन यांच्या गटाने शोधलेल्या या घटकाला ‘कृश’ अर्थाच्या ग्रीक शब्दावरून लेप्टिन हे नाव मिळाले. मेदपेशींतून स्रवणारे हे हॉर्मोन अधोथॅलॅमसमधील आर्क्युएट केंद्रक या चेतापेशीपुंजातील भूक वाढवणाऱ्या पेशींना आवरते व ती कमी करणाऱ्यांना चेतवते. जठरातील घ्रेलिन हे हॉर्मोन (शोध १९९९) भूक वाढवते. आतड्यातील कोलेसिस्टोकायनिन व जीएलपी-१ ही हॉर्मोने जेवण आटोपते घेतात.

प्रत्येकाचे वजन एका ठरावीक बिंदूवर बांधलेले असते का, याबद्दल मतभेद आहेत. लठ्ठ व्यक्तींत लेप्टिन बहुधा भरपूर असते, तरी भूक आवरत नाही. उलट वजन घटले की ऊर्जाव्यय अपेक्षेपेक्षाही कमी होतो आणि भूक बळावते. मिनेसोटातील अर्ध-उपासमारीच्या प्रयोगात (१९४४-४५) ३६ तरुणांचे लक्ष सतत अन्नाभोवती घोटाळू लागले होते. शरीर खालची मर्यादा कसोशीने राखते व वरची ढिलाईने, हे मत या पुराव्याशी अधिक जुळते. मात्र आहार, जनुके व परिसर यांचा वाटा वेगळा काढणे अवघड आहे.

जन्मजात लेप्टिनअभाव ही विरळा विकृती लेप्टिनच्या टोचणीने उल्लेखनीयरीत्या सुधारते. सामान्य लठ्ठपणात मात्र त्याचा उपयोग अल्पच दिसला. सध्याची प्रभावी औषधे, उदा. सेमाग्लुटाइड, जीएलपी-१ च्या ग्राहींवर (पेशींवरील संकेत ओळखणाऱ्या रेणूंवर) कार्य करतात. ती थांबवल्यावर वजन बहुधा पुन्हा वाढते.