आतडं सैल कोण सोडतं?

घास पुढे सरकतो तो आतडं मागून आवळतं म्हणून, एवढं शाळेत शिकवतात. अर्धी गोष्ट तिथेच सुटते. पुढचा भाग त्याच वेळी सैल पडला नाही, तर मागचा जोर फुकट जातो. लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १८९९ मध्ये कुत्र्यांच्या आतड्यावर हेच दाखवलं: दाब दिला की वरच्या अंगाला आकुंचन, खालच्या अंगाला शिथिलता.

आवळण्याचा निरोप देणारं अ‍ॅसिटिलकोलिन पुढे सापडलं. सैल सोडण्याचं श्रेय बरीच वर्षं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या नसांच्या दुसऱ्या रसायनाला मिळत राहिलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मेलबर्नमध्ये जेफ्री बर्नस्टॉक आणि सहकाऱ्यांनी गिनीपिगच्या आतड्यात या दोन्ही रसायनांच्या वाटा औषधांनी अडवल्या आणि नसांना विजेचा झटका दिला. स्नायू तरीही सैल पडला! मग या नसांना नाव मिळालं ते ‘नॉन-अ‍ॅड्रेनर्जिक, नॉन-कोलिनर्जिक’. म्हणजे हेही नाही, तेही नाही. आपल्याकडच्या ‘नेति नेति’सारखंच, फक्त इथे ब्रह्माऐवजी आतडं. बर्नस्टॉक यांनी एटीपी या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचं नाव पुढे केलं, इतरांनी व्हीआयपी या पेप्टाइडचं, म्हणजे प्रथिनासारख्या छोट्या साखळीचं. वाद मिटेना.

उत्तर आलं रक्तवाहिन्यांच्या अभ्यासातून. त्यांच्या अस्तरातून पाझरणारा, वाहिनी सैल करणारा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू, हे १९८७ मध्ये स्पष्ट झालं. तो तयार होऊ न देणारी रसायनं हाती आली आणि आतड्यावर काम करणाऱ्यांनी ती लगेच वापरून पाहिली. १९९० मध्ये बेल्जियमच्या अँटवर्पमधील गटाने कुत्र्याच्या लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यातील नसा उत्तेजित केल्या. तिथून सुटलेल्या पदार्थाने सशाच्या महाधमनीचे तुकडे सैल पडले. मला या सगळ्या इतिहासात हाच प्रयोग सर्वांत देखणा वाटतो: आतड्याची साक्ष धमनीने दिली.

चेतासंदेशवाहक, म्हणजे नसांचा निरोप नेणारं रसायन, म्हणून वायू स्वीकारणं सोपं नव्हतं. तो पेशीत साठवून ठेवता येत नाही. गरज पडेल तेव्हा आर्जिनिन या अमिनो आम्लापासून ताजा बनतो, पडदे ओलांडून स्नायूपर्यंत पोहोचतो, तिथे सीजीएमपी हा स्नायू सैल करायला लावणारा रेणू वाढवतो आणि काही सेकंदांत संपतो. एटीपी आणि व्हीआयपीही बाद झाले नाहीत. शिथिलतेत त्यांचाही वाटा आहे.

१९९३ मध्ये चेतापेशींतलं नायट्रिक ऑक्साइड बनवणारं विकर (एन्झाइम) नसलेले उंदीर तयार केले गेले. त्यांची जठरं फुगलेली निघाली. जठराचं पुढचं दार नीट उघडतच नव्हतं. माणसात अचलासिया या आजारात अन्ननलिकेच्या खालच्या झडपेजवळ हा वायू बनवणाऱ्या चेतापेशी नष्ट होतात आणि घास अडकतो. काही रुग्णांना जेवणाआधी जिभेखाली नायट्रेटची, म्हणजे शरीरात हाच वायू सोडणारी, गोळी दिली जाते, हृदयविकारात देतात तीच. परिणाम तात्पुरता असतो, डोकंही दुखतं.