यीशिंगच्या मातीच्या किटलीमागचा इतिहास

चिनी चहाच्या मातीच्या किटल्यांत यीशिंगचं नाव पहिलं घेतलं जातं. हे ठिकाण जिआंग्सू प्रांतात, ताई सरोवराच्या पश्चिमेला आहे. इथे सापडणाऱ्या 'झिशा' या जांभळट तपकिरी मातीच्या किटल्यांना आज लिलावात थक्क करणारे भाव येतात. नामवंत कुंभार गू जिंगझोऊ यांनी १९४८ मध्ये घडवलेली एक किटली २०१० साली बीजिंगमध्ये १ कोटी २३ लाख युआनला गेली.

या किटल्यांचं मूळ एका फर्मानात आहे. पूर्वी चहाच्या वड्या कुटून, त्याची पूड वाडग्यात घुसळून पीत. १३९१ मध्ये मिंग सम्राट होंगवूने नजराण्यात वड्या घेणं थांबवून सुटी पत्ती मागवली. पुढे पत्ती मुरवून पिण्याची रीत सगळीकडे रुळली आणि त्यासाठी झाकणाचं, तोटीचं भांडं लागू लागलं. यीशिंगला कुंभारकाम जुनंच होतं.

पहिली नामांकित किटली गोंगचुन नावाच्या नोकराने केली, असं सांगतात. मालकासोबत जिनशा मंदिरात असताना तो तिथल्या भिक्षूकडून ही कला शिकला. ती दंतकथा धरली, तरी नानजिंगजवळ १५३३ च्या एका थडग्यात झिशाची किटली प्रत्यक्ष सापडली आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस शी दाबिनने विद्वान रसिकांच्या सांगण्यावरून आकार लहान केला. थोडा चहा करावा, लगेच ओतावा, म्हणजे वास उडत नाही.

मला सर्वांत मोह पडतो तो घडणीचा. पारंपरिक पद्धतीत चाक नाही. मातीची पट्टी थापून गोल जोडायची आणि आतून बोटांचा आधार देत, बाहेरून लाकडी थापीने हलके मारत पोट फुगवायचं. झिलई अजिबात नाही, म्हणून मातीचा रवाळपणा हाताला लागतो आणि रोजच्या वापराने मंद तकाकी चढते. झाकण इतकं नेमकं बसतं की त्याच्या गोंड्यावरच्या बारीक भोकावर बोट ठेवलं की धार थांबते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शेजारच्या लियांगचे दंडाधिकारी चेन होंगशोउ (मानशेंग) यांनी साधे, भरीव आकार सुचवले. कुंभार यांग पेंगनियान ते घडवी आणि अंगावर ओळी कोरल्या जात. सपाट अंग मोकळं ठेवलं गेलं ते या अक्षरांसाठीच. तेव्हापासून किटली कवी, सुलेखनकार आणि कुंभार अशा तिघांचीही झाली.

त्याआधीच, सतराव्या शतकात, या किटल्या चहाबरोबर युरोपात पोहोचल्या होत्या. डच कुंभारांनी त्यांच्या नकला केल्या. जर्मनीत किमयागार ब्यॉटगरने पांढरं पोर्सिलेन साधण्याआधी दगडासारखी टणक भाजलेली लाल मातीची भांडी केली, तीही यीशिंगच्याच धर्तीवर.