वार्धक्य आणि हवामानबदल

पृथ्वीची तापमानवाढ आणि तिच्याशी निगडित उष्णतेच्या लाटा, पूर, वादळे व वणव्यांचा धूर यांचा वृद्धांच्या आरोग्यावर होणारा परिणाम. अभ्यासांत वृद्ध म्हणजे सामान्यतः ६५ वर्षांवरील व्यक्ती. ही मर्यादा सांख्यिकीच्या सोयीची आहे.

उतारवयात घाम कमी येतो, त्वचेकडील रक्तप्रवाह पुरेसा वाढत नाही, मूत्रपिंडांची पाणी राखण्याची क्षमता घटते आणि तहान बोथट होते. यांतील शेवटची बाब विशेष घातक, कारण शरीर कोरडे पडत असताना पाणी मागावेसेच वाटत नाही. लघवी वाढवणारी व काही मानसोपचाराची औषधे धोक्यात भर घालतात. ओल्या फुग्याच्या (उष्णता व आर्द्रता यांचा एकत्रित परिणाम दाखवणाऱ्या) तापमापकावरील ३५° से. ही मानवी सहनशक्तीची मर्यादा २०१० मध्ये सैद्धांतिक गणिताने सुचवली गेली. पुढे निरोगी तरुणांवरील प्रयोगांत ती सुमारे ३१° से. आढळली, वृद्धांसाठी ती आणखी खाली असते.

उष्णतेने दगावणाऱ्या वृद्धांपैकी अनेकांचा मृत्यू हृदय वा श्वसनाच्या विकाराने होतो आणि दाखल्यावर उष्णतेची नोंद होत नाही. त्यामुळे अपेक्षेहून अधिक झालेले मृत्यू मोजावे लागतात. ऑगस्ट २००३ च्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये असे सुमारे १५,००० मृत्यू झाले. त्यांत ७५ वर्षांवरील बहुसंख्य होते. हे लोक काही दिवसांत गेलेच असते, लाटेने मृत्यू फक्त अलीकडे ओढला, असे एक मत आहे. तसे असते तर लाटेनंतर मृत्युसंख्या त्याच प्रमाणात घटायला हवी होती. लगतच्या महिन्यांत तशी घट दिसली नाही. २००४ मध्ये मृत्यू घटले, पण त्या घटीची कारणे बहुतांशी वेगळी असावीत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ज्यांच्या आयुष्याची वर्षे उरली होती, अशीही माणसे त्यात गेली.

शिकागोतील १९९५ च्या लाटेत ७०० हून अधिक लोक दगावले. एकटे राहणे व घराबाहेर न पडणे हे तेथे ठळक धोके ठरले. कत्रिना चक्रीवादळात (२००५) अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील मृतांपैकी जवळपास निम्मे ७५ वा त्याहून अधिक वयाचे होते. सौम्य हिवाळ्यांमुळे थंडीचे मृत्यू काही प्रदेशांत घटू शकतात. वणव्यांच्या धुराने श्वसनविकार बळावतात.

स्वित्झर्लंडमधील वृद्ध महिलांच्या संघटनेने केलेल्या दाव्यात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ९ एप्रिल २०२४ रोजी त्या देशाच्या अपुऱ्या हवामानधोरणामुळे मानवाधिकारांचा भंग झाल्याचा निर्णय दिला.