मुलगा परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सुटतो तेव्हा: नागपुरातल्या पालकांसाठी

अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलिसांनी ताब्यात घेतलं की घरचे आधी जामीनदार शोधायला धावतात. त्याआधी वयाचा कागद शोधा. बाल न्याय अधिनियम, 2015 (अठरा वर्षांखालच्या मुलांच्या प्रकरणांसाठीचा वेगळा कायदा) लागू होतो की नाही, हे घटनेच्या दिवशीच्या वयावर ठरतं. मुलगा आज एकोणीसचा असला तरी.

अशा मुलांची प्रकरणं चालवणारं बाल न्याय मंडळ सर्वांत आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पाहतं. टीसी हरवली असेल तर शाळेत दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मागा. बालाघाट-छिंदवाड्याकडून आलेल्या कुटुंबांनी गावच्या शाळेत लगेच कुणाला तरी पाठवावं. शाळेचं काहीच नसेल तर महानगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्म दाखला चालतो. हेही नसेल, तेव्हाच वैद्यकीय चाचणी होते. आधार कार्ड या क्रमात कुठेच नाही.

प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मुलाला मंडळापुढे हजर करावंच लागतं. पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. कलम 12 प्रमाणे गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडणं हाच नियम आहे. नाकारायचं तर मंडळाला कारणं लेखी नोंदवावी लागतात: सराईत गुन्हेगारांची संगत लागण्याची शक्यता, मुलालाच धोका, किंवा न्यायाच्या हेतूला बाध. जामीनदार मिळत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. जामीनदाराशिवाय, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या (सुटलेल्या मुलावर लक्ष ठेवणारा ‘प्रोबेशन ऑफिसर’) देखरेखीखालीही सोडता येतं. आदेशातली अट सात दिवसांत पूर्ण झाली नाही, तर ती बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणावं लागतं. गरिबीमुळे पोर आत अडकून राहू नये, म्हणून ही तरतूद आहे. ती मागून घ्या.

वकिलासाठी दागिने गहाण टाकू नका. मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या किंवा 15100 वर फोन करा.

सर्वांत जास्त वजन असतं ते परिवीक्षा अधिकाऱ्याच्या सामाजिक तपासणी अहवालाला. तो दोन आठवड्यांत मंडळाकडे जातो. अधिकारी घर, शाळा, संगत, व्यसन, कमाई, सगळं विचारतात. भीतीपोटी पालक बापाचं दारूपान किंवा सुटलेली शाळा लपवतात, आणि मुलाला हवी ती मदत कागदावर येतच नाही. खरं सांगा. रात्री मुलाजवळ कोण असतं आणि तो पुन्हा शाळेत किंवा आयटीआयला कधी जाणार, हेही सांगा.

चौकशीत दोष सिद्ध झाला तरी मंडळ चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर (लेखी हमीवर) मुलाला पालकांकडे देऊ शकतं, जास्तीत जास्त तीन वर्षं. त्या काळात पत्ता बदलला, काम बदललं, भेटीची तारीख चुकली, तर अधिकाऱ्याला स्वतःहून कळवा. आदेश मान्य नसेल तर अपिलाला 30 दिवस असतात.

मुलाचं नाव-फोटो मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असेल तर मंडळाला सांगा. ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्य प्रमाणपत्रासाठीही पोलिसांना ती नोंद उघड करता येत नाही.